श्वासाला आगार

मागच्या संवत्सरीची गोष्ट. कामरेज चार रस्त्यापासून जरा आत आमचा बायकांचा उपाश्रय आहे. संध्याकाळचं प्रतिक्रमण चाललं होतं. दिवे नाहीत, पंखे नाहीत, कटासणी एकमेकींना चिकटून अंथरलेली. चाळीस लोगस्सचा मोठा काउस्सग्ग सुरू झाला आणि दोनशे-अडीचशे बायका एकदम गप्प झाल्या. बाहेर हायवेवरून जाणाऱ्या ट्रकांचा आवाज तेवढा येत होता.

त्या शांततेत माझ्या सासूबाईंना खोकला आला.

त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर. दमा जुना. त्यांनी तो दाबला. मी शेजारीच होते, मला कळत होतं. खांदे हलले, मान खाली गेली, पदर तोंडात कोंबला. थोडा वेळ गेला आणि मग जो दाबलेला तो सगळाच्या सगळा बाहेर आला. पुढच्या ओळीतल्या दोघी-तिघींनी माना वळवल्या. काउस्सग्ग पारल्यावर एक बेन हळूच म्हणाल्या, "बा, जरा दबावी राखवुं हतुं ने." बोलल्या प्रेमानेच. पण बोलल्या.

प्रतिक्रमण संपलं. सगळ्या एकमेकींपुढे हात जोडून मिच्छामि दुक्कडं म्हणू लागल्या. वर्षभरात मन दुखावलं असेल, कडू बोलणं झालं असेल, त्याची क्षमा. सासूबाई मात्र प्रत्येकीपुढे जाऊन म्हणत होत्या, "माझ्या खोकल्याचं मिच्छामि दुक्कडं." घरी आल्यावर त्यांनी चरवळा कपाटात ठेवला आणि मला म्हणाल्या, "पुढच्या वर्षापासून मी घरीच करेन गं. माझ्यामुळे दहा जणींचं ध्यान मोडतं. पाप कशाला?"

मला त्या रात्री झोप लागली नाही. आयुष्यभर कुणाचं वाईट न केलेली बाई श्वास घेतल्याची क्षमा मागत फिरते, हे मला पचेना. काही तरी आपलं चुकतंय असं वाटलं. पण काय, ते सांगता येईना. म्हणून मी शब्दापासून सुरुवात केली. शब्दाला धरून मागे मागे गेलं की कधी कधी माणसं भेटतात.

तर 'श्वास घेणे'. बघा हं, मैत्रिणींनो, मराठीत या कामाला स्वतःचं क्रियापदच नाही. खाणे आहे, पिणे आहे, झोपणे आहे, शिंकणे, खोकणे आहे. पण जन्मल्यापासून मरेपर्यंत एक क्षण न थांबता जे आपण करतो त्याला 'श्वास' हे नाम आणि बाजारातलं 'घेणे' यांची जोडी लावावी लागते. 'श्वसणे' असा शब्द जुळवता येतो, पण "बाळ नीट श्वसतंय का?" असं कोणत्या आईने कधी विचारलंय? आणि घेणे म्हटलं की फक्त आत घेणंच आलं. सोडणं वेगळं सांगावं लागतं.

उलट श्वासाची अडचण झाली की मराठीला शब्दच शब्द सुचतात. गुदमरणे, घुसमटणे, दमणे, धापा टाकणे, धाप लागणे, दम लागणे, श्वास कोंडणे, ऊर धपापणे. उसासा टाकणे, सुस्कारा सोडणे. सुरळीत चाललं असतं तेव्हा भाषा त्याला नाव देत नाही. बिनसलं की दहा नावं. घरातल्या बाईसारखंच आहे म्हणा ना! रोजचा स्वयंपाक वेळेवर झाला तर कुणी बोलत नाही, एक दिवस वरण खारट झालं की सगळ्यांना वाचा फुटते.

'दम' हा शब्द तर आपण इतका वापरतो की तो फारसीतून आलाय हे लक्षातही येत नाही. फारसीत दम म्हणजे श्वास. आपल्याकडे येऊन तो घरातलाच झाला. दम खा म्हणजे थांब. दम धर म्हणजे धीर धर. दम दिला म्हणजे धमकावलं. एका दमात संपवलं म्हणजे न थांबता. आणि नव्या सुनेला ऐकावं लागणारं ते वाक्य, "जरा दम निघत नाही का?" एवढ्याशा शब्दात थांबणंही आहे, धमकावणंही आहे आणि थकणंही.

कामरेजला आल्यावर या शब्दाने आमची एकदा फजितीही केली. आमचं मूळ घर खानदेशातलं. कपड्याच्या धंद्यासाठी सासरे इकडे आले. सासूबाईंना गुजराती समजतं, पण दुखणं सांगायचं म्हटलं की मराठीच तोंडात येतं. डॉक्टरांना त्या म्हणाल्या, "जिना चढला की दम लागतो." त्यांना म्हणायचं होतं, धाप लागते. डॉक्टर म्हणाले, "दम छे? केटला वरसथी?" गुजरातीत दम म्हणजे दमा, तो आजारच. सासूबाई घाबरल्या. त्यांना वाटलं, न तपासताच यांनी रोगाचं नाव घेतलं! मग डॉक्टरांनी छातीला नळी लावली, "ऊंडो श्वास लो... हवे छोडो." घ्या आणि सोडा. तपासल्यावर निघाला दमाच. शब्दाचा घोळ झाला, पण रोगाचा नाही. त्या मात्र पुष्कळ दिवस म्हणत राहिल्या, "मी दम म्हटलं, म्हणून त्याने दमा काढला."

खानदेश आणि कामरेज, दोन्हीकडे एकच नदी आहे, तापी. तिकडे भुसावळ, प्रकाशा या गावांवरून येते आणि उकाईचं धरण ओलांडून इथे कामरेजच्या काठाने सुरतेकडे जाते. गाव आज हायवेचा चौक म्हणून लोकांना माहीत आहे, पण फार जुनं आहे. लाट देशातल्या चालुक्यांच्या ताम्रपटांत 'कार्मणेय' हे नाव येतं. ते म्हणजेच आपलं कामरेज, असं अभ्यासक सांगतात. पुढे हे गाव बडोद्याच्या गायकवाडांच्या राज्यात, नवसारी प्रांतात होतं. म्हणजे राजघराणं मराठी आणि रयत गुजराती. दोन भाषांचा संसार इथे आमच्या येण्याआधीपासून आहे.

ताम्रपट संस्कृतात लिहिले जात. पण चुलीपाशी, पाणवठ्यावर कोण संस्कृत बोलत असणार? तिथे प्राकृतच. आणि श्वासाच्या शब्दाची मजा प्राकृतात आहे. संस्कृतात मूळ धातू 'श्वस्'. त्यापासून उच्छ्वास आणि निःश्वास. उच्छ्वासाचं प्राकृतात झालं ऊसास, निःश्वासाचं झालं नीसास. आपल्या आगमांत हे दोघे जोडीनेच येतात, जुळ्या बहिणींसारखे. एकीशिवाय दुसरी नाही.

पुढे या बहिणींची ताटातूट झाली. ऊसास मराठीत आला आणि 'उसासा' झाला. नीसास गुजरातीत राहिला आणि 'निसासो' झाला. आणि बघा, दोघींच्या वाट्याला दुःखच आलं. मुळात एक श्वास एका दिशेचा होता, दुसरा दुसऱ्या दिशेचा. आज मराठी उसासा आणि गुजराती निसासो, दोन्हींचा अर्थ एकच, मन भरून आल्यावर बाहेर पडतो तो लांब श्वास. आमच्या शेजारच्या बेन नेहमी म्हणतात, "कोईना निसासा न लेवाय." कुणाचा निसासा घेऊ नये, तो लागतो. मराठीत आपण तळतळाट म्हणतो तसं. म्हणजे गुजरातीत श्वाससुद्धा दुसऱ्याला लागतो!

मी लग्न होऊन आले त्या वर्षी दुपारी भांडी घासताना माझ्या तोंडून उसासा निघाला होता. सासूबाई म्हणाल्या होत्या, "भरल्या घरात उसासे टाकू नयेत. घराला बरं नसतं." मी तेव्हापासून उसासा गिळायला शिकले. त्यांनीही कुणाकडून तरी असंच ऐकलं असणार. इथे एक गंमत सांगते. प्राकृतात 'सास' म्हणजे श्वास, आणि हिंदीत 'सास' म्हणजे सासू. कान फसतो, पण मूळ वेगळं आहे. सासू आली ती 'श्वश्रू' या शब्दातून आणि सास आला 'श्वास' या शब्दातून. दोघांचा काही संबंध नाही. नसता तरी बायकांनी लावला असता, ती गोष्ट निराळी!

जुन्या संस्कृत नाटकांत राजा संस्कृत बोलतो आणि राणी, सख्या, दासी प्राकृत बोलतात. म्हणजे राजा निःश्वास टाकतो तो संस्कृतात आणि राणी टाकते तो प्राकृतात. महाराष्ट्री प्राकृतातली गाथासप्तशती सातवाहन राजा हालाच्या नावावर आहे. तिच्यात वाट पाहणाऱ्या, रुसलेल्या, एकट्या राहिलेल्या किती तरी बायका आहेत, आणि त्यांचे निःश्वास आहेत. आपल्या भाषेच्या आज्ज्या त्या. म्हणजे बाईचा श्वास लिहून ठेवला गेला तो जास्त करून उसासा म्हणूनच. ती नुसती सुखाने श्वास घेतेय, हे लिहिण्यासारखं कुणाला वाटलं नसावं.

पण याच 'श्वस्' धातूची दुसरी लेकरंही आहेत, ती विसरून चालणार नाही. विश्वास आणि आश्वासन. वि आणि श्वस् मिळून विश्वास होतो. ज्याच्यापाशी श्वास मोकळा होतो, बिनधास्त घेता येतो, त्याच्यावर आपला विश्वास. आश्वासन म्हणजे ज्याचा श्वास अडकलाय त्याला तो परत आणून देणं. नेते देतात ते आश्वासन नंतरचं. आधीचं आश्वासन म्हणजे घाबऱ्या माणसाच्या पाठीवर ठेवलेला हात.

इथपर्यंत आले आणि वाटलं, आता आपल्याच घरात पाहायला हवं. आपले आगम श्वासाबद्दल काय म्हणतात? त्या चातुर्मासात आमच्याकडे विराजमान असलेल्या साध्वीजींकडे गेले. त्यांनी एकेक पोथी काढून अर्थ सांगितला. मी लहानपणापासून पाठशाळेत सूत्रं पाठ केली, पण इतकं कधी ऐकलं नव्हतं.

भगवती सूत्रात गौतमस्वामी भगवंतांना विचारतात ते थोडक्यात असं. दोन इंद्रियांपासून पाच इंद्रियांपर्यंतचे जीव श्वास घेतात ते आपल्याला समजतं. पण पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू, वनस्पती, हे एकेंद्रिय जीवही श्वास घेतात का? भगवंत हो म्हणतात. या प्रश्नोत्तरात श्वासासाठी एक नाही, चार क्रियापदं आहेत. आणमंति, पाणमंति, ऊससंति, नीससंति. पहिल्या दोघांचं नातं टीकाकार 'अन्' धातूशी लावतात, ज्यातून प्राण शब्द झाला. पुढची दोन 'श्वस्' धातूची. आज मराठीत एक नाही, तिथे चार! आणि चारही माणसाबरोबर मातीच्या कणाला, दुधीच्या वेलाला लावलेली.

म्हणूनच आपल्याकडे दहा प्राणांत श्वासोच्छ्वास हा एक प्राण मोजला आहे. एकेंद्रिय जीवाला चारच प्राण, स्पर्शाचं इंद्रिय, कायबळ, श्वासोच्छ्वास आणि आयुष्य. त्याला बोलता येत नाही, त्याला मन नाही, पण श्वास आहे. जीव नव्या जन्मात आला की तो सहा पर्याप्ती क्रमाने पूर्ण करतो, त्यांचाही क्रम पाहा. आहार, शरीर, इंद्रिय, श्वासोच्छ्वास, मग भाषा, मग मन. श्वास आधी, भाषा नंतर. शब्दाच्या मागे लागलेल्या माझ्यासारखीने हे लक्षात ठेवलेलं बरं.

प्रज्ञापना सूत्रात छत्तीस पदं आहेत. त्यातलं सातवं अख्खं पद उच्छ्वासाचं आहे. कोणता जीव किती काळाने श्वास घेतो याचा त्यात हिशेब आहे. देवांचं आयुष्य जितकं मोठं आणि सुख जितकं जास्त, तितका त्यांचा श्वास सावकाश. सर्वार्थसिद्ध विमानातले देव तेहतीस पंधरवड्यांनी एकदा श्वास घेतात. आणि नरकातले जीव? ते सतत, न थांबता श्वास घेत असतात. दुःख इतकं की दोन श्वासांत अंतरच नाही. हे ऐकताना मला हिवाळ्यातल्या पहाटे पलंगावर उठून बसलेल्या सासूबाई दिसल्या. दोन्ही हात गुडघ्यांवर, तोंड उघडं, एक श्वास संपायच्या आत दुसरा. शास्त्र लिहिणाऱ्याने धाप लागलेलं माणूस जवळून पाहिलं असेल असं वाटलं.

मग माणसांचं काय? माणसांसाठी तिथे शब्द आहे 'वेमाया', म्हणजे विमात्रा. ठरलेलं माप नाही. देवांचं ठरलेलं, नारकींचं अखंड, आणि माणसाचं मात्र ज्याचं त्याचं, ज्या वेळचं त्या वेळचं. कुणाचा जलद, कुणाचा सावकाश, कुणाचा खोकत खोकत. हा एकच शब्द मी घरी घेऊन आले असते तरी पुरे होतं.

पण श्वासाने काळ मोजायचा तर माप लागणारच. अनुयोगद्वार सूत्रात ते दिलं आहे. एक उच्छ्वास-निःश्वास म्हणजे एक प्राण. 7 प्राणांचा एक स्तोक, 7 स्तोकांचा एक लव, 77 लवांचा एक मुहूर्त. गुणाकार करून पाहा, एका मुहूर्तात 3,773 श्वास येतात. मुहूर्त म्हणजे आपलं सामायिक, 48 मिनिटं. म्हणजे मिनिटाला अठ्ठ्याहत्तरच्या वर झाले. आज निरोगी मोठा माणूस मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो असं डॉक्टर सांगतात. योगाच्या ग्रंथांत दिवसाचे 21,600 श्वास धरतात, म्हणजे मिनिटाला पंधरा. आपला आकडा श्वासापेक्षा नाडीच्या ठोक्यांशी जुळतो. पण मला आकड्यापेक्षा त्याच्यासोबतची अट महत्त्वाची वाटली. हा श्वास कुणाचा धरायचा? आनंदी, म्हातारपण न आलेल्या आणि रोग नसलेल्या माणसाचा. म्हणजे शास्त्राने काळाचं माप ठरवताना आधीच सांगून टाकलं, की हे निरोगी माणसाचं माप आहे. आजारी आणि म्हाताऱ्या माणसाला या फूटपट्टीने मोजू नका.

काउस्सग्गाचं मापही मुळात श्वासच. सूत्राचं एक पद म्हणजे एक श्वास. 'चंदेसु निम्मलयरा' पर्यंतचा लोगस्स 25 श्वासांचा, नवकार 8 श्वासांचा. दैवसिक प्रतिक्रमणात 100 श्वास, राईमध्ये 50, पक्खीला 300, चौमासीला 500 आणि संवत्सरीला 1,008. चाळीस लोगस्सचे हजार आणि वर एका नवकाराचे आठ, हिशेब चोख बसतो. दिगंबर घरांतल्या मैत्रिणी नऊ णमोकारांचा कायोत्सर्ग 27 श्वासांचा करतात, एका णमोकाराला तीन श्वास. माप थोडं वेगळं, पण मोजायचं श्वासानेच.

आता गंमत बघा. मिनिटाला पंधरा धरले तरी 1,008 श्वासांना सदुसष्ट मिनिटं लागतील. आपला संवत्सरीचा काउस्सग्ग किती वेळात होतो? आपण लोगस्स मनात भराभर म्हणतो, श्वास त्याच्या मागे कुठे तरी फरफटत येतो. ज्याने मोजायचं तोच विसरला गेला. आणि मग ज्या एका बाईचा श्वास ऐकू आला, तिचाच आपल्याला त्रास झाला.

शेवटी साध्वीजींनी अन्नत्थ सूत्र काढलं. "हे तर रोज म्हणतेस," त्या म्हणाल्या, "अर्थ सांग बरं." मी अडखळले. अन्नत्थ म्हणजे 'याखेरीज'. काउस्सग्गात शरीर स्थिर ठेवण्याची प्रतिज्ञा करायची, पण तिच्या आधी सूट काय काय आहे ते सांगायचं. या सुटीलाच आगार म्हणतात. पच्चक्खाणातले आगार आपल्याला माहीत असतात, उपवासाला कोणती सूट, एकासण्याला कोणती. तसेच हे काउस्सग्गाचे. त्यात पहिला आगार श्वास आत घेण्याचा. दुसरा श्वास सोडण्याचा. आणि तिसरा, मैत्रिणींनो, खोकल्याचा! 'खासिय' म्हणजे खोकणं. मग शिंक, जांभई, ढेकर, वारा सरणं, चक्कर, पित्ताने येणारी मूर्च्छा. पुढे अंगाची, कफाची, नजरेची बारीक हालचाल. एवढं झालं तरी माझा काउस्सग्ग अभंग राहो, अशी ती मागणी आहे.

सासूबाईंनी त्या संध्याकाळी काउस्सग्गाला उभं राहण्याआधी हेच सूत्र म्हटलं होतं. आम्ही सगळ्यांनी म्हटलं होतं. खोकल्याची परवानगी सगळ्यांनी मिळून मागितली, आणि दहा मिनिटांनी खोकला आला तर माना वळवल्या.

साध्वीजींनी आणखी एक सांगितलं. भद्रबाहुस्वामींच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आवश्यक निर्युक्तीत हा विषय आहे. मोठा अभिग्रह घेऊन उभा असलेला साधकसुद्धा श्वास रोखत नाही, कारण रोखला तर तात्काळ मरण. श्वास घ्यायचाच, पण सूक्ष्म, जयणेने. खोकला, शिंक, जांभई यांबद्दल तर स्पष्टच आहे. दाबून ठेवलं तर असमाधी होते. म्हणून येऊ द्यावं, फक्त तोंडापुढे हात धरावा. का? तर तोंडातल्या गरम वाऱ्याने बाहेरच्या वायुकायाच्या जीवांना इजा होऊ नये, आणि तोंडात डास-बीस जाऊ नये. म्हणजे दोन्हीकडची काळजी आहे. वाऱ्यातल्या जीवाचीही आणि खोकणाऱ्या माणसाचीही. आपण एकीकडची लक्षात ठेवली. दुसरीकडची सुटली.

ती का सुटली असेल याचा विचार करत मी रिक्षाने घरी आले. मला वाटतं, ते सूत्रामुळे झालेलं नाही, संसारामुळे झालंय. आपल्या आया-सासवांनी सासऱ्यांसमोर डोक्यावरून पदर घेऊन श्वाससुद्धा हळू घेतला. चुलीच्या धुराने ठसका लागला तर स्वयंपाकघरातच गिळला, बाहेर पाहुणे होते. मोठ्यांदा शिंकू नये, मोठ्यांदा हसू नये, उसासा टाकू नये. सासूबाईंचं ओल्या लाकडांवर फुंकणीने विस्तव फुंकण्यात अर्धं आयुष्य गेलं. गॅस आला तोवर छाती भरून गेली होती. फुंकणीतून त्यांनी किती श्वास चुलीला दिले, त्याचा हिशेब कोणत्या मुहूर्तात बसवायचा? "श्वास घ्यायला फुरसत नाही" असं आपण सहज बोलून जातो. काही बायकांच्या बाबतीत ते बोलणं अक्षरशः खरं होतं.

घरी आल्यावर मी त्यांच्यापाशी बसले. अन्नत्थचा एकेक शब्द घेतला आणि अर्थ सांगितला. खोकल्यापाशी आल्यावर त्यांनी मला थांबवलं.

"परत सांग."

मी परत सांगितलं.

"खोकला लिहिलाय? नाव घेऊन?"

"नाव घेऊन, आई. तिसऱ्या नंबरावर."

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सत्तर वर्षं म्हणतेय मी हे." त्यानंतर हसल्या, आणि हसता हसता खोकला आला, तर सवयीने पदर तोंडात धरला. मग तो काढला आणि हात धरला. संध्याकाळी भाजी निवडताना मध्येच म्हणाल्या, "तू नवी होतीस तेव्हा उसाशावरून मी तुला बोलले होते. आठवतंय?" मी म्हटलं, आठवतंय. "बोलायला नको होतं," एवढंच म्हणाल्या, आणि मेथीची जुडी माझ्याकडे सरकवली.

यंदाच्या संवत्सरीला त्या आल्या. दाराजवळ खुर्ची घेतली. कितव्या लोगस्सला ते मी मोजलं नाही, पण खोकला आलाच. त्यांनी हात तोंडापुढे धरला, खोकल्या, थांबल्या, पुन्हा श्वास लागला तसा काउस्सग्ग पुढे सुरू केला. एक-दोन माना यंदाही वळल्या. सगळं एका वर्षात बदलत नाही. नंतर क्षमापना झाली तेव्हा त्या सगळ्यांना मिच्छामि दुक्कडं म्हणाल्या. खोकल्याचं नाव घेतलं नाही.

तुमच्याही घरात, तुमच्याही उपाश्रयात किंवा स्थानकात अशी एखादी म्हातारी असेल. भिंतीला टेकून बसणारी, तोंडात पदर धरणारी. यापुढे अन्नत्थ म्हणाल तेव्हा पहिले तीन शब्द जरा सावकाश म्हणा. आणि मागून खोकल्याचा आवाज आला तर मान वळवू नका. प्रतिक्रमण संपल्यावर तिला पाणी प्यायचं आहे का, तेवढं विचारा. चौविहार असेल तर नुसतं पाठीवरून हात फिरवा. आश्वासन या शब्दाचा पहिला अर्थ तोच आहे.